अमिना खालांना, रपट्याच्या प्रोग्रामबद्दल

चंद्रपूर,
शुक्रवार, दुपारी सव्वाबारा (ऑफिसच्या घड्याळात, ते दहा मिनिटं मागे आहे)

आदरणीय अमिना खाला यांना जिशानचा अदबीने सलाम.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी पाण्याची टाकी तपासायला गच्चीवर गेलात, हे शाजियाने कळवलं. (तिला रागावू नका. आपल्या आईची चुगली करायची तिची इच्छा नव्हती, मीच खोदून खोदून विचारलं.) सिरोंचाचं ऊन उतरलं का? इथे अजून तापतंय. अम्मी बरी आहे, तुमची रोज आठवण काढते, आणि आठवण काढून झाली की ईदला तुम्ही नेलेला स्टीलचा डबा अजून परत आला नाही असंही म्हणते. पत्र हाताने लिहितोय, कारण टाइप केलेल्या पत्राला तुम्ही पत्र मानत नाही. मराठीत लिहितोय, कारण तुम्ही मराठी शाळेतल्या, आणि माझ्या मागच्या पत्राला उत्तर म्हणून तुम्ही तेच पत्र लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवलं होतं. सरळ फोन का केला नाही, असं विचाराल. खाला, फोनवर तुमचं "हं, बोल" ऐकलं की माझं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि मी हवापाण्याची चौकशी करून फोन ठेवतो. कागदावर निदान पूर्णविरामापर्यंत पोचता येतं. या पानांचे फोटो काढून शाजियाच्या मोबाइलवर पाठवतो. शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती. मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

विषय तुमच्या रपट्याच्या प्रोग्रामचा आहे. तुम्हाला तुमचाच प्रोग्राम समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणा, हे मला कळतं. पण नव्या साहेबांना मी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे चुकलो असेन तर तिथेच धराल. मी म्हणालो की साहेब, आमच्या खालांनी रिटायर होण्याआधी तीस वर्षं या ऑफिसात फोर्ट्रान या संगणकाच्या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहिले, आणि त्यातला हा त्यांचा सगळ्यात जुना प्रोग्राम. यात वरच्या अंगाचा पाऊस आणि नद्यांची पातळी घातली की भामरागडच्या बाजूच्या एका टोल्याजवळचा, म्हणजे छोट्या वस्तीजवळचा, रपटा, तो नदीवरचा ठेंगणा पूल, किती तासांनी पाण्याखाली जाईल ते निघतं. टोला रपट्याच्या अलीकडे सखलात आहे, उंचावरची जागा पलीकडे. पाणी चढायच्या आत माणसं पलीकडे गेली तर गेली, नाही तर अलीकडेच अडकली. म्हणून निघालेले तास मी टोल्यावरच्या अंगणवाडी सेविका सोमारीबाईंना फोनवर कळवतो, आणि त्या सतरा मुलं, म्हातारी माणसं आणि मोजता न येणाऱ्या बकऱ्या घेऊन रपटा ओलांडतात. आजवर एकदाही उशीर झालेला नाही. (इथपर्यंत साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.)

राजदीप साहेब माणूस चांगला आहे. हे मी भीतीपोटी म्हणत नाही, म्हणजे पूर्णपणे भीतीपोटी म्हणत नाही. ते ओरडत नाहीत, फक्त चष्म्यावरून बघतात आणि थांबतात. ते थांबले की मी न केलेले गुन्हेही कबूल करतो. तर ते म्हणाले की येत्या गुरुवारी बाहेरून समिती येते आहे, आणि प्रोग्राममधला प्रत्येक आकडा कुठून आला हे लेखी दाखवता आलं नाही तर प्रोग्राम बंद. त्याच्या जागी विकतचा येईल, पण तो दिवाळीनंतर. मी विचारलं, आणि हा पावसाळा? त्यावर ते चष्म्यावरून बघत थांबले.  

साहेबांनीच उपाय सुचवला. म्हणाले, हल्ली एक असा प्रोग्राम मिळतो की तो फोर्ट्रानचा कोड स्वतः वाचतो, त्यात लिहिणाऱ्याने जागोजागी टाकलेल्या टिपा उचलतो आणि सगळ्याची वेबसाइट करून देतो. कोणतं सबरूटीन, म्हणजे प्रोग्रामचा कोणता तुकडा, कोणाला हाक मारतं याचे बाणही काढतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं. खाला, ज्या कामात फक्त बटण दाबायचं असतं त्या कामाला मी सगळ्यात जास्त भितो. तरी दाबलं. पहिल्या वेळी सुंदर वेबसाइट तयार झाली. वर ऑफिसचं नाव, खाली माझं नाव, आणि मध्ये काहीही नाही. त्या यंत्राने (वेबसाइटवाल्या प्रोग्रामला मी यंत्रच म्हणतो) तुमच्या फायलींची जुन्या धाटणीची नावं बघितली आणि या आपल्यातल्या नव्हेत असं समजून त्या उघडल्याच नाहीत. साहेबांनी ती रिकामी वेबसाइट बघून "छान, सुटसुटीत आहे" असा शेरा दिला. मी तिथेच थांबलो असतो तर आज सुखात असतो.

पण थांबलो नाही. दोन दिवस खपून यंत्राला समजावलं की बाबा, ही जुनी फोर्ट्रान आहे, हिच्यात पहिले सहा रकाने सोडून लिहितात आणि बहात्तरच्या पुढचं मोजत नाहीत. (त्र्याहत्तराव्या रकान्यात लिहिलं म्हणून तुम्ही मारलेली पट्टी माझ्या उजव्या हाताला पाऊस पडायच्या आधी अजून कळते.) मग बाणांचं चित्र येईना. ते चित्र काढायला आणखी एक वेगळा प्रोग्राम लागतो, हे यंत्राने अगदी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं सांगितलं. तोही बसवला. चित्र आलं ते असं की एकशे बारा बाण एकमेकांत गुंतलेले आणि मधोमध तुमचं मुख्य सबरूटीन. माझ्या शेजारच्या टेबलावर रंजीता बसते, ही आपली बल्लारपूरची, तुम्ही ओळखता. तिने ते चित्र बघून विचारलं की ही जिलेबी कोणाकडची. ती कशालाच भीत नाही, तिच्याजवळ बसून माझी भीती कमी व्हायला हवी होती, पण तिच्या वाटणीचीही मलाच पडते.

आता नाजूक भाग येतो. खाला, कृपा करून बसून वाचा.

कोडमध्ये टिपा लिहिण्याची तुमची एक पद्धत होती. कामाची टीप असली की तिच्या आधी एक उद्गारचिन्ह. आणि मनातल्या मनात जे बोलायचं ते लिहिताना दोन उद्गारचिन्हं. मी शिकाऊ असताना हे बघितलं होतं, पण कधी विचारायची हिंमत झाली नाही. फोर्ट्रानला काय, एक असो की दोन, चिन्हाच्या पुढचं ती वाचतच नाही, त्यामुळे तीस वर्षं तुमचं मन सुरक्षित राहिलं. पण या यंत्राचा नियम नेमका उलटा. एक चिन्ह असलेली टीप त्याच्या लेखी घरगुती, ती ते टाकून देतं. दोन चिन्हं असलेली टीप जगाला दाखवण्यासाठी, असं ते धरतं. म्हणजे आकडे कसे काढले, कोणत्या साली मोजले, कोणती पट्टी वापरली, हे तुमचं सगळं कष्टाचं लेखन गायब, आणि जे तुम्ही कोणाला दाखवण्यासाठी लिहिलंच नव्हतं ते हिरव्या चौकटीत, ठळक अक्षरात, वेबसाइटच्या प्रत्येक पानावर.

त्यात भर अशी की तुम्ही टीप ज्या ओळीची तिच्या वर लिहायचात आणि यंत्राला वाटतं की टीप नेहमी वरच्या ओळीची असते. त्यामुळे प्रत्येक टीप एक घर सोडून शेजाऱ्याला चिकटली. 'पाऊस, मिलिमीटरमध्ये' याचं अधिकृत स्पष्टीकरण आलं की "अकराशिवाय येत नाही, आला की पंखा स्वतःकडे वळवतो." 'नदीची पातळी' यापुढे आलं की "याची बायको कशी दिवस काढते खुदा जाणे." एका सबरूटीनच्या माथ्यावर होतं, "साहेबांना कळलं नाही तरी मान हलवतात, म्हणून पुढचं सोपं ठेवलं." (हे आधीच्या साहेबांबद्दल आहे, मी तारीख बघितली. पण मान आत्ताचेही हलवतात.) आणि "जिशानने हात लावला आहे, परत तपासणे" ही टीप एकूण अकरा ठिकाणी निघाली. रंजीता मोठ्याने वाचत होती. मी तिच्या हातापाया पडलो. ती म्हणाली, "काऊन भेवून राह्यला रे? खालानं तं खरंच लिवलं हाये." खरं लिहिलं आहे हीच तर भीती होती. तुमच्या टिपांमधले निदान दोन जण आता मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि त्यातले एक गुरुवारच्या समितीत आहेत. पंखावाले.

त्या क्षणी केबिनचं दार वाजलं. साहेब "कुठपर्यंत आलं?" म्हणत माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर पंखा होता. मी काय केलं असेन? पडदा बंद केला आणि लाइट गेली असं सांगितलं. साहेबांच्या डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती, पंखा फिरत होता. ते चष्म्यावरून बघत थांबले. मग, "लाइट आली की सांगा," एवढं म्हणून गेले. 

मग मी साफसफाई केली. दोन चिन्हं असलेल्या ओळी संगणकाला एक हुकूम देऊन काढून टाकल्या, आणि मग तुमच्या एका चिन्हाच्या टिपांना आणखी एकेक चिन्ह जोडून दोनाच्या केल्या, म्हणजे यंत्र आता त्याच उचलेल, आणि टीप खालच्या ओळीची असते हेही त्याला शिकवलं. तुमची अब्रू राखण्यासाठीच केलं, खाला. (आणि माझी. अकरा वेळा.) यंत्र पुन्हा चालवलं. जुनी पानं ते स्वतःच पुसतं आणि सगळं नव्याने लिहितं. आणि काय सांगू, तुमचं सारं कष्टाचं लेखन एकेका आकड्यासमोर येऊन बसलं. कोणत्या साली कोणत्या दगडावर खूण केली, कोणत्या नाल्याचं पाणी किती तासांनी येतं, सगळं. मी ते वाचून खरंच रडलो. तुम्ही तीस वर्षं काय करत होता ते मला त्या दिवशी कळलं, आणि तुमच्या हाताखाली दोन वर्षं बसूनही आधी का कळलं नाही याची लाज वाटली.

पुढचे दोन दिवस सजावटीत गेले. यंत्राचा मूळ रंग काळपट होता, साहेबांना निळा हवा होता. मी निळा दिला तर म्हणाले, हा सरकारी नाही, हा साबणाच्या वडीचा आहे. सात निळे झाले. रंजीताचं म्हणणं होतं की झेंडूचा पिवळा दे, समितीला प्रसन्न वाटेल. मराठी अक्षरांच्या वेलांट्या कागदावर छापताना शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत होत्या, त्या फॉण्ट बदलून जागेवर आणल्या. मोबाइलवर उघडलं की तक्ते उजवीकडे पळत होते, त्यांना आवरलं. बाणांची जिलेबी तीन छोट्या चित्रांत मोडली. उत्तर येतं त्या जागी मी स्वतःच्या कल्पनेने एक मोठी चौकट केली, रपटा सुरक्षित असेल तर निळी, बुडणार असेल तर लाल आणि आत तास. साहेबांनी ती बघून पहिल्यांदा चष्मा काढला. म्हणाले, "उत्तम." खाला, या नोकरीत मला मिळालेला हा पहिला उत्तम. मी तो घरी जाऊन अम्मीला सांगितला आणि तिने शेजारी शेवया वाटल्या.

तर असं सगळं व्यवस्थित आहे. तुम्ही काळजी करू नका. औषधं वेळेवर घ्या, गच्चीवर जाऊ नका. अम्मीचा सलाम, शाजियाला दुवा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
जिशान

ता. क. डब्याचं मी फार मनावर घेऊ नका असं म्हणणार होतो, पण अम्मीने मागून वाचलं. पाठवून द्या. (मी ऑफिसातून जेवायला घरी आलोय, पत्र सोबत आणलंय, कारण टेबलावर ठेवायची भीती वाटली.)

ता. क. दुसरा. वर सगळं व्यवस्थित आहे असं लिहिलं, ते खोटं आहे. चार पानं भरेपर्यंत धीर आला नाही, आता लिहितो. सजावट झाल्यावर मी गंमत म्हणून गेल्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या पुराचे आकडे प्रोग्राममध्ये घालून बघितले. त्या दिवशी रपट्यावर माणूसभर पाणी होतं. चौकट निळी आली. रपटा सुरक्षित. मी पाऊस दुप्पट केला. निळी. दहापट केला. निळीच. मी कोड वरपासून एकेक ओळ वाचायला घेतला. शोधता शोधता कळलं की तुमच्या मनातल्या बहुतेक टिपा वेगळ्या ओळीवर होत्या, पण एक टीप आकड्याच्याच ओळीच्या शेपटीला होती, आणि माझ्या हुकमाने टिपेबरोबर अख्खी ओळ उडाली. खालची मोठी इंद्रावती नदी फुगली की ती रपट्याखालून येणाऱ्या नदीचं पाणी पुढे घेत नाही, मागे लोटते. ते किती मागे लोटते याचा तो आकडा. आणि आपली जुनी फोर्ट्रान इतकी सोशिक की न सांगितलेल्या आकड्याबद्दल ती तक्रार करत नाही, मुकाट्याने शून्य धरते. आता प्रोग्रामच्या मते पाणी मागे येतच नाही.

जुनी प्रत बघ म्हणाल. नाही. तुमच्या त्या टिपा असलेली एकही प्रत साहेबांच्या हाती लागू नये म्हणून मी जुन्या प्रती शोधून शोधून स्वतःच्या हाताने पुसल्या, पेनड्राइव्हमधली सुद्धा. चालता प्रोग्राम नव्याने बांधला, त्यामुळे जुना तोही गेला. कागदावरचं प्रिंटआउट कपाटात होतं, ते वाळवीने खाल्लं. त्या ओळीतली टीप मला तोंडपाठ आहे: "हा आकडा पुस्तकातला नाही, टोल्यावरच्या बायनाबाईने चाळीस पावसाळे बघून सांगितला आहे. बदलाल तर खबरदार." खबरदार लक्षात आहे, खाला. आकडा नाही. शून्य पूर्णांक बासष्ट होता की सव्वीस, यावर मी कुराण हातात घेऊन काही सांगू शकत नाही. बासष्ट धरला तर पाण्याला सहा तास लागतात, सव्वीस धरला तर चौदा. म्हणून या पत्राचा खरा हेतू एवढाच आहे की तो आकडा कळवा. तुमच्या वहीत असेल. वही नसेल तर तुम्हाला आठवत असेल, तुम्हाला माझा दहावीचा गणिताचा मार्क आठवतो तर हाही आठवेल. ओरडायचं असेल ते नंतर, आधी आकडा.

ता. क. तिसरा. ऑफिसात परतलो. पाकिटात घालावं तशी ही पानं फोटोसाठी टेबलावर ओळीने लावत होतो, तेवढ्यात सोमारीबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "इंद्रावती सकाळपासून भरून राह्यली जी. पाऊस इथी नाई, पण पाणी गढूळ येऊन राह्यलं. निंघाचं का थांबाचं?" माझ्यासमोर पडद्यावर निळी चौकट होती. सातवा निळा, साहेबांना आवडलेला. खाला, त्या चौकटीत लिहिलेलं वाचून दाखवलं असतं तर मला कोणी काही म्हटलं नसतं. गुरुवारी समितीनेही नसतं म्हटलं. मी सोमारीबाईंना सांगितलं की मला माहीत नाही. प्रोग्राम माझ्या हातून बिघडला आहे, तो काय सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका.  त्या म्हणाल्या, "तं मंग आमी आत्ताच निंघतो. लेकरायची खिचडी चुलीवर हाये, गंज उचलून तिकडंच नेतो." आणि फोन ठेवला. मी तसाच उठून केबिनमध्ये गेलो आणि साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, लाइट गेली नव्हती हे सुद्धा. ते या वेळी थांबले नाहीत. त्यांनी सरळ भामरागडला फोन लावला.

आता साडेचार झालेत. बाहेर कडक ऊन आहे, भामरागडलाही असेल. पाणी आलं नाही तर सतरा मुलं, खिचडीचा तापलेला गंज आणि सगळ्या बकऱ्या उगाच डोंगरावर चढवल्या म्हणून सोमारीबाई उद्या सकाळी फोन करतील आणि त्यांच्या माडिया बोलीत जे बोलतील ते मला कळणार नाही, पण रंजीताला ती बोली येते, ती समजावून सांगेल. आयुष्यभर मी शिव्यांना भिऊन जगलो, खाला. आज दुआ एकच करतोय, उद्या त्या मला पोटभर मिळू देत.